अकुशल कामगारांचा रकाना

आये,

काल दुपारी गाळ्यावर बसून सरकारी पोर्टलवर अर्ज भरत होते. पुन्हा कर्ज मागतेय. ओल्या दिवसांतही बी सुकवता येईल असा मोठा ड्रायर घ्यायचाय आणि अजून थोडी काजू-बी हंगामातच भरून ठेवायचीय. तुझ्या वेळी अर्जाच्या तीन-तीन प्रती करायच्या, प्रत्येकीवर फोटो डकवायचा, आणि डिंकाने बोटं चिकट झाली की तू हसायचीस. आता कम्प्युटरवर एक चौकोन भरला की दुसरा उघडतो, आणि मधला रिकामा सोडला तर तो पुढं जाऊ देत नाही. असं करत करत कामगारांच्या पानावर आले. कुशल कामगार किती, अकुशल कामगार किती, असे दोन रकाने. तिथं माझा हात थांबला तो थांबलाच. समोरचा चहा गार झाला. बायकांनी विचारलं, "ताई, लाईट गेली काय?" लाईट गेली नव्हती. मग आज सकाळी एक वही घेतली आणि तुला लिहायला बसले. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तोवर आपण दोघी एका छपराखाली होतो, आणि एका छपराखालची माणसं पत्रं लिहीत नाहीत, भांडतात.

खरं सांगू का, तुझ्या तोंडापेक्षा तुझे हात मला जास्त आठवतात. बावीस वर्षं तू दुसऱ्याच्या कारखान्यात काजू फोडलेस. बाबा मुंबईला कामाला होते आणि तिथंच गेले, त्यानंतर तर घर त्या हातांवरच चाललं. पुढ्यात दगड, उजव्या हातात लाकडी मोगरी, डाव्या हाताला राख फासलेली, आणि बी कडेवर उभी धरून एकच ठोका. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून राख लावायची, पण राखेनं किती वाचणार. तुझी बोटं पुढंपुढं काळी आणि गुळगुळीतच झाली. आधारकार्ड काढायला गेलो तेव्हा मशीनवर तुझा ठसाच उमटेना. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, हात धुवून या." तू म्हणालीस, "धुवून जाणारं असतं तर कवाच गेलं असतं गो." मी तेव्हा लाजून इकडंतिकडं बघत होते. पण त्याच कारखान्यात बाहेरगावचा व्यापारी आला की मालक तुझाच ट्रे दाखवायचा, कारण तुझ्या ट्रेत अख्खे गर असायचे. तुकडा शोधून सापडायचा नाही. अख्ख्या गराला भाव वेगळा आणि तुकड्याला वेगळा, हे तू मला मी पाचवीत असताना शिकवलंस. दिवसाचा रोज मात्र सगळ्यांना सारखाच मिळायचा, तुलाही.

मी बारावी करून मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका आंब्याच्या कंपनीत बिलं लिहायला लागले होते. पाच वर्षं लिहिली. मग एकदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला, की नवीन छोटा उद्योग काढणाऱ्यांना बँकेचं कर्ज आणि वर सरकारचं अनुदान, बायकांना आणि आपल्यासारख्यांना थोडं जास्त. मी कागद वाचला आणि घरी येऊन काही बोललेच नाही. चार दिवसांनी तूच काढलास विषय. तू सुकट निवडत बसली होतीस. मी म्हटलं, सरकारचं घेतलं की वाडीबाहेरचे लोक म्हणतात, ह्यांना सगळं फुकट मिळतं. तू वर बघितलंही नाहीस. म्हणालीस, "फुकट कसं गो? मीठ घेतलं, काडेपेटी घेतली, त्याच्यावर कर भरला तो कोणी? आपल्या वाट्याचं हाय ते. वाट्याचं असलं की मान वर करून घ्यायचं." आणि पुढची मूठ निवडायला घेत, "आणि सरळ घ्यायचं." ते शेवटचे तीन शब्द मी तेव्हा नीट ऐकले नाहीत. मी मनात वसाहतीतल्या गाळ्याचं भाडं मोजत होते.

अर्ज द्यायच्या सरकारी ऑफिसच्या समोर झेरॉक्सचं दुकान होतं, तिथला माणूस अर्ज आणि प्रकल्प अहवाल भरून द्यायचा. वाईट नव्हता तो. त्याचं पोटच त्यावर होतं, आणि त्याच्यामुळं कितीतरी लोकांचे अर्ज लागले हेही खरं. तो विचारत गेला, मी सांगत गेले. कामगार किती? पाच. त्यातली एक माझी आई, बावीस वर्षांचा अनुभव. तो म्हणाला, "सर्टिफिकेट आहे का त्यांच्याकडं?" मी म्हटलं, काजू फोडायच्या कामाचं कसलं सर्टिफिकेट. "मग अकुशल लिहू. कुशल लिहिलं तर रोज जास्त दाखवावा लागतो, खर्च वाढतो, नफा कमी दिसतो, बँक कर्ज कापते." मी म्हटलं, लिहा. एका शब्दात म्हटलं. घरी आल्यावर तू म्हणालीस, वाचून दाखव काय काय लिवलंस. चुलीपाशी बसून मी सगळा अहवाल तुला वाचून दाखवला. यंत्रं वाचली, भांडवल वाचलं, बाजारपेठ वाचली. तो रकाना आला तेव्हा मी त्याच्यावरून उडी मारली आणि पुढचं पान उलटलं. तू भाकरी उलटत होतीस. मला वाटलं, तुला कळलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली तू, ओळीखाली बोट धरून सावकाश का होईना सगळं वाचायचीस, हे मी कशी विसरले कोण जाणे.

कर्ज मंजूर झालं. त्या दिवशी तू खीर केलीस आणि विहारात नेऊन सगळ्यांना वाटलीस. गाळ्यात बॉयलर आला, बी कापायची, हातापायानं चालवायची चार यंत्रं आली, साल काढायला टेबलं आली. तू यंत्रांकडं संशयानं बघितलंस आणि आपला दगड आणि मोगरी एका कोपऱ्यात मांडून ठेवलीस. यंत्रावर फुटायच्या राहिलेल्या आडमुठ्या बिया तुझ्याकडं यायच्या. आता हे अनुदान काही हातात पडत नाही, हे तुला मी तेव्हाही दहादा समजावलं होतं. ते बँकेत आपल्या नावानं बाजूला पडून राहतं. तीन वर्षांनी ऑफिसातून कोणीतरी तपासणीला येतं, उद्योग खरंच चालू आहे असं लिहून देतं, आणि मग ती रक्कम कर्जातून वजा होते. उद्योग बंद दिसला तर अनुदान परत जातं आणि अख्खं कर्ज आपल्या डोक्यावर. आपण तीन वर्षं चालवलं. पण आपली बी मार्चपासून यायची आणि आषाढापर्यंत संपायची, कारण वर्षाची बी एकदम घेऊन ठेवायला पैसा नव्हता. पावसाळ्यात गाळ्याला कुलूप. आणि तपासणीची तारीख आली ती नेमकी श्रावणात.

मी तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, घाबरायचं काय त्यात, सगळेच करतात. एक दिवस चालू दाखवायचं, बोर्ड पुसायचा, फोटो काढायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची." असा तपासणीचा दिवस वसाहतीत तेव्हा बऱ्याच जणांनी साजरा केलेला होता. एकाची यंत्रं दुसऱ्याच्या गाळ्यात एक दिवस राहून यायची. मी बाजारातल्या व्यापाऱ्याकडून दोन पोती बी एका दिवसाच्या बोलीवर आणली. बायकांना निरोप धाडला, त्या भातातलं तण काढायची बेणणी सोडून आल्या, तेही लग्नाला निघाल्यासारख्या चांगली लुगडी नेसून. मी म्हटलं, अगो, काजू कापायला बसायचंय तुम्हाला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तू हे सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाय आणता येत. तू आता कामाचं सोंग आणतेस. हक्काचं हाय तर चोरून कशाला घेतेस?" मी तडकले. म्हटलं, तू उद्या घरीच थांब. तू म्हणालीस, "मी येणार. मला कोणी विचारलं नाय तर मी बोलणार नाय. विचारलंन तर खोटं सांगणार नाय." एवढं बोलून तू दिवा लावायला उठलीस.

तपासणीला एक मॅडम आल्या. चाळिशीच्या, छत्री आपटत, वैतागलेल्या, कारण त्यांची त्या दिवसाची ही चौथी तपासणी होती. बॉयलरमधून वाफ निघतेय, यंत्रं खटखट चाललीत, बायका माना खाली घालून बसल्यात. सगळं झकास. मॅडमनी बोर्डाचा फोटो काढला, यंत्रांवरचे नंबर फाईलशी ताडून बघितले. मी म्हटलं, सुटलो. आणि जाता जाता त्यांचं लक्ष कोपऱ्यात ट्रे पुसत बसलेल्या तुझ्याकडं गेलं. "आजी, तुम्ही काय करता इथं?"

तू ट्रे खाली ठेवलास. "मी अकुशल," म्हणालीस.

"म्हणजे?"

"कागदात तसं लिवलंय. तुमच्या फायलीत बघा. मी वाचलंय."

मॅडमनी खरंच फाईल उघडून ते पान काढलं आणि हसल्या. बायका पण हसल्या. मला त्या क्षणी भुईनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तीन वर्षं तू ते वाचून बसली होतीस आणि एका शब्दानं बोलली नव्हतीस. मॅडमना तोवर मजा वाटायला लागली होती. त्यांनी पोत्यातली मूठभर बी काढून तुझ्यासमोर धरली. "मग सांगा, अकुशल आजी, ही बी कशी आहे?" तू एकेक बी तळहातावर घोळवलीस, नखानं खरवडलीस, आणि माझ्याकडं एकदाच बघितलंस. रागानं नाही बघितलंस. पोराला काटा काढताना आई बघते तसं बघितलंस, की आता दुखणार आहे, हलू नको.

"ही बी आमच्याकडची नाय," तू म्हणालीस. "ही भायेरची, बोटीनं येते ती. सालीवरनं कळतं. आमची बी आषाढात संपली. ही दोन पोती कालच आणलीत."

यंत्रं थांबली. कोणी थांबवायला सांगितलं नव्हतं. मॅडम माझ्याकडं वळल्या. "म्हणजे युनिट बंद आहे?"

तूच बोललीस. "बंद नाय बाय. बी नाय. तुम्ही यंत्राला पैसं दिलात, बी घ्यायला थोडकं दिलात. तव्याला पैसं दिलात नि पिठाला नाय, तर बारा महिनं भाकरी कुठनं होणार? चैत्रात ये, मग बघ चालू कसं असतं ते."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मग तू त्यांना दाखवलंस. वाफवलेल्या दहा बिया घेतल्यास, दगडावर कडेनं उभ्या धरून दहा ठोके मारलेस, आणि दहा अख्खे गर त्यांच्यापुढं ठेवलेस. त्यांनी मोगरी मागून घेतली आणि स्वतः एक बी फोडली. तिचा पार भुगा झाला. "असूंदे," तू म्हणालीस, "पयल्या वर्षी माझंबी तसंच व्हायचं." त्यांनी फाईलवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मला वाचायला दिलं. उद्योग हंगामी आहे, खेळत्या भांडवलाअभावी पावसाळ्यात काम थांबते, एप्रिलमध्ये फेरतपासणी करावी. म्हणजे अनुदान गेलं नव्हतं, पण मिळालंही नव्हतं. आठ महिने हप्ते पुरे भरायचे होते, आणि शेवटी काय होईल ते कोणाला ठाऊक.

मॅडमची जीप वळली आणि मी तुझ्यावर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, तुला आठवत असेल. पण एक वाक्य लिहायलाच हवं. मी म्हटलं, "त्या रकान्यात मी लिहिलं ते बरोबरच लिहिलं." बायकांच्या देखत म्हटलं. तू ट्रे धुतलेस, उपडे घातलेस, दगड कोपऱ्यात सरकवलास आणि माझ्या आधी एसटीला जाऊन उभी राहिलीस. पंधरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. सोळाव्या दिवशी कळलं, की तू पहाटे उठून जुन्या कारखान्यात जाऊ लागली होतीस, साल काढायला. गुडघे धरलेले, डोळ्याला कमी दिसायला लागलेलं, आणि आठ तास बाकावर. दर शनिवारी पगाराचं पाकीट तांदळाच्या डब्यावर ठेवलेलं असायचं. मी ते उचलायचे आणि हप्त्यात भरायचे. तू ठेवताना बोलली नाहीस, मी उचलताना बोलले नाही. इतकी आडमुठी मी कोणावर गेले, हे विचारायची सोय नाही, कारण उत्तर समोरच बसून भाकरी खात होतं.

एप्रिलात मॅडम आल्या तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. दारापर्यंत पोती रचलेली, साऱ्या बायका जुनेरात, कोणाला मान वर करायला सवड नाही. त्यांनी दहा मिनिटांत सही केली. मग चहा पिताना म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमचं नाटक पुरं झालं असतं ना, तर मी 'चालू' लिहून गेले असते. अनुदान मिळालं असतं, आणि पुढच्या पावसात तुमचं पुन्हा बंदच. तुमच्या आईनं सांगितलं म्हणून मला लिहिता आलं, की अडचण कुठं आहे." त्यांचा तो शेरा बँकेत गेला होता. त्याच्याच जोरावर बँकेनं खेळतं भांडवल वाढवून दिलं, आणि त्या वर्षापासून गाळ्याला पावसाळ्यात कुलूप लागलेलं नाही. मॅडमना मी पाव किलो काजू बांधून द्यायला निघाले तर तू हात धरलास. त्यांच्या ओंजळीत चार अख्खे गर ठेवलेस आणि म्हणालीस, "हयसरच खा. घरी नेऊ नको, उगाच कोणी काय बोलायला नको." त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले.

लोक मला विचारतात, ताई, तुमचा उद्योग टिकला कसा, कितीतरी जणांनी अनुदान उचललं आणि पुढं बोर्ड गंजला. मी शिबिरांत बोलते हल्ली, माईक हातात देतात. तिथं मी बाजारपेठ, दर्जा, वेळेवर हप्ता असं सगळं सांगते. सरकारचे आभार मानते आणि ते मनापासून मानते, कारण तो कागद फळ्यावर लागला नसता तर मी आजही बिलं लिहीत असते. पण तुझं मात्र सांगत नाही. सांगायला गेलं की ते एक वाक्यही सांगावं लागतं. तू त्यानंतर चार वर्षं होतीस. रोज आपण एकत्र जेवलो. माझी चूक झाली एवढे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? तू विषय काढला नाहीस आणि मी त्याचा फायदा घेतला. आता तुला जाऊन बारा वर्षं झाली. आये, तू त्या दिवशी खरं बोललीस म्हणून मी आज आहे. हे तुझ्या कानावर घालायचं राहून गेलं.

तर कालचं. झेरॉक्सवाला अजून आहे, केस पांढरे झाले, आता फोनवरूनच सल्ला देतो. म्हणाला, "ताई, अकराच्या अकरा बायका अकुशलमध्ये टाका. नफा बरा दिसला पाहिजे, नाहीतर ड्रायर लहान घ्यावा लागेल." आणि तुझ्यापासून काय लपवू, मी टाकल्या. शून्य आणि अकरा. पान सेव्हसुद्धा केलं. मग तो चहा गार झाला. मग मी उठले, यंत्रं बंद करायला लावली आणि तुझा दगड, तुझी मोगरी मधोमध आणून ठेवली. म्हटलं, एकेकीनं यायचं, पन्नास-पन्नास बिया फोडायच्या. बायकांना वाटलं, ताईंना उन्हानं काहीतरी झालं. पण बसल्या, आणि मग चढाओढीला लागल्या. सहा जणींचे गर जवळजवळ सगळे अख्खे निघाले. त्यातली एक तर तुझ्यासारखीच ठोक्याआधी श्वास धरते. पाच जणी अजून तुकडे पाडतात. मी शून्य-अकरा पुसून सहा आणि पाच लिहिलं. त्या पाच जणींनाही कुशल लिहावं असं एकदा मनात आलं, पण तू म्हणाली असतीस, खोटं ते खोटंच, मग चांगल्या मनानं लिही नाहीतर वाईट. सहा जणींचा रोज ह्या महिन्यापासून वाढवला, कारण लिहिलं तसं द्यायला नको का. ड्रायर लहान आला तर लहान.

आज सकाळी अर्ज पाठवून दिला. हे पत्र पाठवायला कुठलं पोर्टल नाही, तेव्हा हे इथंच तुझ्या ट्रेखाली ठेवते. फक्त एक राहिलं. काल बायका घरी गेल्यावर मी पण बसले होते तुझ्या दगडापुढं. पन्नास बिया मोजून घेतल्या. एकोणीस बियांचे तुकडे पडले. आणि अर्जात शेवटी विचारतात, उद्योग चालवणाऱ्याला स्वतःला हे काम कितपत येतं, तिथं मी माझ्या नावापुढं कुशल लिहिलंय. अख्ख्या अर्जात तेवढं एकच खोटं आहे, आणि ते मॅडमना सांगायला आता तू नाहीस.